स्तनउच्छेदनानंतरची स्वकीय ऊतींद्वारे पुनर्रचना : एक ऐतिहासिक अभ्यास

१. प्रस्तावना

स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक प्रमाणात आढळणारा कर्करोग आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले व सुमारे ९८ हजार मृत्यू झाले. या रोगावरील उपचारांत स्तन काढून टाकण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच स्तनउच्छेदन, हा दीर्घकाळ प्रमुख उपाय राहिला. रोगाचा इतिहास, शस्त्रक्रियेचा इतिहास व औषधांचा इतिहास यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु स्तन गमावल्यानंतर त्या स्त्रीच्या शरीराचे पुढे काय झाले, हा प्रश्न इतिहासलेखनात बराच काळ दुय्यम मानला गेला.

रुग्णाच्याच पोटावरील, पाठीवरील किंवा मांडीवरील त्वचा, चरबी व प्रसंगी स्नायू वापरून स्तनाची पुन्हा घडण करण्याच्या पद्धतीस स्वकीय ऊतींद्वारे पुनर्रचना असे म्हणता येईल. ही पद्धत सर्वसामान्यपणे अत्याधुनिक समजली जाते. प्रत्यक्षात तिचे मूलतत्त्व फार जुने आहे आणि स्तनउच्छेदनाच्या जखमेसाठी तिचा पहिला व्यवस्थित प्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झालेला आहे. असे असूनही ती सर्वमान्य होण्यास सुमारे ऐंशी वर्षे लागली. हा विलंब का झाला, या प्रश्नाचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (अ) स्वकीय ऊतींच्या वापरामागील तत्त्वाचा उगम व विकास पाहणे. (आ) स्तनपुनर्रचनेच्या विकासातील प्रमुख टप्प्यांचा कालक्रमाने आढावा घेणे. (इ) या विकासातील विलंबाची वैज्ञानिक व सामाजिक कारणे तपासणे. (ई) भारतीय परिस्थितीच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व स्पष्ट करणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. वैद्यकीय तपशील विषय समजण्यास आवश्यक तेवढाच दिला आहे.

३. तत्त्वाचा उगम : पुणे, १७९४

शरीराचा एक भाग उचलून दुसऱ्या ठिकाणी लावावयाचा, तर तो जिवंत राहिला पाहिजे आणि जिवंत राहण्यासाठी त्याला रक्तपुरवठा अखंड मिळाला पाहिजे, हे या शास्त्राचे मूलतत्त्व होय. उचललेला भाग एका बाजूने मूळ जागी जोडलेला ठेवणे हा त्यावरील सर्वांत जुना उपाय. फळ ज्याप्रमाणे देठाशी असेपर्यंत जगते, त्याप्रमाणे हा त्वचाखंड त्याच्या देठावर जगतो. सुश्रुतसंहितेत छिन्न नासिकेच्या संधानाचे वर्णन आहे. त्यात नाकाच्या मापाचे पान घेऊन त्या मापाने गालावरील त्वचा उचलावी व ती नाकाच्या जागी बसवावी, असे सांगितले आहे.

या परंपरेचा युरोपला झालेला परिचय पुण्याशी निगडित आहे. कावसजी नावाचा इंग्रजी सैन्यातील एक गाडीवान १७९२ च्या म्हैसूर युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला व त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळच्या विटा घडविणाऱ्या समाजातील एका कारागिराने त्याचे नाक पुन्हा तयार केले. मेणाचे पातळ पत्र तुटलेल्या नाकावर बसवून माप घ्यावयाचे, ते कपाळावर उलगडून आखणी करावयाची, तेवढी त्वचा भुवयांच्या मध्यभागी देठ ठेवून सोडवावयाची आणि फिरवून नाकाच्या जागी बसवावयाची, अशी ती रीत होती. सुमारे पंचवीस दिवसांनी, नवे नाक मूळ जागेतून रक्त घेऊ लागल्यावर, देठ कापला जाई. मुंबई इलाख्यातील इंग्रज डॉक्टरांनी पाहिलेल्या या शस्त्रक्रियेचा वृत्तांत लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’च्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात प्रसिद्ध झाला. त्यावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये लंडन येथे तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

येथे दोन गोष्टी नमूद करणे आवश्यक आहे. सुश्रुतसंहितेतील त्वचा गालाची आहे, तर पुण्यातील कारागिराने कपाळाची त्वचा वापरली. म्हणजे ही परंपरा ग्रंथात गोठलेली नव्हती, ती कारागिरांच्या हातांत बदलत व सुधारत गेली होती. दुसरे असे की, स्तनपुनर्रचना प्राचीन भारतात होत होती असा निष्कर्ष यातून काढता येत नाही. आपण युरोपला दिली ती कपाळावरील त्वचाखंड देठावर जगवून नाक घडविण्याची रीत. तेवढे श्रेय निर्विवाद आहे आणि तेवढेच सांगणे इतिहासाला धरून होईल.

४. हॅलस्टेडचे युग व टान्सिनीची विस्मृती

संवेदनाहरणाचा शोध लागण्यापूर्वी स्तनउच्छेदन ही केवळ यातना होती. इंग्रजी कादंबरीकार फॅनी बर्नी हिच्यावर १८११ मध्ये पॅरिस येथे अशी शस्त्रक्रिया झाली व तिने आपल्या बहिणीस लिहिलेल्या पत्रात त्याचे सविस्तर वर्णन केले. रुग्ण स्त्रीने स्वतः लिहिलेल्या या विषयावरील आरंभीच्या साधनांपैकी ते एक होय. ईथर व जंतुनाशक पद्धती आल्यानंतर शल्यविशारदांना अधिक विस्तृत शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे विल्यम हॅलस्टेड यांनी १८९४ मध्ये पन्नास रुग्णांवरील आपला अनुभव प्रसिद्ध केला. स्तन, त्याखालील छातीचे स्नायू व काखेतील लसिकाग्रंथी एकसंधपणे काढून टाकणे हे त्यांच्या पद्धतीचे स्वरूप होते. कर्करोग एका केंद्रातून टप्प्याटप्प्याने भोवताली पसरतो, म्हणून जितके विस्तृत क्षेत्र काढावे तितकी रोगमुक्तीची शक्यता अधिक, हे त्यामागील गृहीतक होते.

त्या काळातील रुग्ण बहुधा मोठ्या गाठी घेऊन येत. पूर्वीच्या शस्त्रक्रियांनंतर रोग त्याच जागी वारंवार उलटत असे. हॅलस्टेड यांच्या पद्धतीने हे प्रमाण पुष्कळ घटले, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याची किंमतही मोठी होती. छातीच्या फासळ्यांवर केवळ पातळ त्वचा उरे, खांद्याची हालचाल मर्यादित होई व अनेकींचा हात कायमचा सुजलेला राही. अन्य भागाची त्वचा फिरवून ही जखम झाकण्यास हॅलस्टेड यांचा विरोध होता. अशा आच्छादनाखाली उलटलेला रोग लपून राहील, तसेच जखम बंद करण्याच्या चिंतेने शल्यविशारद आवश्यक तेवढी ऊती काढणार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

याच दशकात युरोपात वेगळे प्रयत्न सुरू होते. हायडेलबर्ग येथील व्हिन्सेन्झ झेर्नी यांनी १८९५ मध्ये एका गायिकेच्या स्तनातील कर्करोग नसलेल्या विकारासाठी शस्त्रक्रिया केल्यावर, तिच्याच कमरेवरील चरबीची गाठ काढून ती पोकळीत बसविली. स्वकीय ऊतीने स्तनाचा आकार परत देण्याचा हा पहिला नोंदलेला प्रयत्न मानला जातो. इटलीतील इजिनिओ टान्सिनी यांनी १८९६ मध्ये पाठीवरील त्वचाखंड पुढे वळवून उच्छेदनाची जखम झाकण्याची रीत मांडली. या त्वचाखंडाचे टोक कधी कधी मृत होत असे. त्याच्या रक्तवाहिन्यांचा अभ्यास करता असे दिसून आले की, त्या त्वचेस रक्त मिळते ते तिच्याखालील पाठीच्या रुंद स्नायूतून. म्हणून टान्सिनी यांनी तो स्नायूही त्वचेसोबत उचलण्यास आरंभ केला व १९०६ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. त्वचा व स्नायू हे एकाच रक्तवाहिनीवर जगणारे संयुक्त एकक आहे, हा आधुनिक पुनर्रचनाशास्त्राचा पाया येथे घातला गेला. त्याच वर्षी पॅरिसच्या लुई ओंब्रेदान यांनी छातीचा लहान स्नायू वापरून स्तनाचा उंचवटा घडविण्याची रीत सुचविली.

टान्सिनी यांची पद्धत काही वर्षे युरोपात वापरली गेली आणि नंतर लोप पावली. १९७६ मध्ये जर्मनीतील नेवेन ओलिवारी यांनी किरणोपचाराने झालेल्या छातीच्या जखमांसाठी पाठीच्या त्याच स्नायूचा उपयोग प्रसिद्ध केला, तेव्हा ती पद्धत नव्याने सापडल्यासारखीच होती. मधली सत्तर वर्षे कोणते वैज्ञानिक साधन अनुपलब्ध होते? या शस्त्रक्रियेस सूक्ष्मदर्शक लागत नव्हता, नवीन औषध लागत नव्हते, यंत्र लागत नव्हते. देठ मूळ जागीच राहत असल्यामुळे रक्तवाहिन्या तोडून जोडण्याची गरजही नव्हती. म्हणजेच विलंबाचे कारण तंत्राच्या अभावात सापडत नाही. ते हॅलस्टेड यांच्या अधिकारवाणीत व रुग्णाविषयीच्या तत्कालीन दृष्टिकोनात शोधावे लागते. स्त्रीचा जीव वाचला, यातच वैद्यकाचे कर्तव्य संपले, असे मानले जात होते.

५. युद्ध, नळीसारखा देठ व गिलीझ

पुनर्रचनाशास्त्राला पुढची चालना मिळाली ती रणांगणावर. पहिल्या महायुद्धात चेहरे छिन्न झालेल्या सैनिकांवर उपचार करताना हॅरॉल्ड गिलीझ यांनी १९१७ मध्ये त्वचेचा लांब पट्टा नळीसारखा शिवून घेण्याची युक्ती वापरली. त्यामुळे उघडी बाजू आत जाऊन जंतुसंसर्ग टळे व लांबवरची त्वचा टप्प्याटप्प्याने हलविता येई. ओडेसा येथील व्लादिमीर फिलातोव्ह यांनीही स्वतंत्रपणे याच सुमारास तीच रीत शोधली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून, गिलीझ यांनी पोटावरील त्वचा व चरबी अशा नळीच्या साहाय्याने छातीवर नेऊन स्तनपुनर्रचना केली. त्यासाठी अनेक शस्त्रक्रिया व कित्येक महिने लागत, आणि पोटावर व छातीवर मोठे व्रण उरत.

येथे एक विरोधाभास लक्षात घेण्यासारखा आहे. सैनिकाचा चेहरा पूर्ववत करणे हे राष्ट्राचे कर्तव्य मानले गेले. त्यासाठी सिडकप येथे १९१७ मध्ये स्वतंत्र रुग्णालय उभे राहिले. स्तन गमावलेल्या स्त्रीची मागणी मात्र हौस म्हणून पाहिली गेली. दोन्ही ठिकाणी ज्ञान एकच होते, हात एकच होते. समाज कोणती हानी ‘हानी’ म्हणून मोजतो, यानुसार वैद्यकाचा प्राधान्यक्रम ठरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

१९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे क्रोनिन व गेरो यांनी सिलिकॉनचे पहिले कृत्रिम स्तनरोपण केले. सोपा व अल्पवेळात होणारा हा मार्ग लोकप्रिय झाला. पुढे त्याच्या सुरक्षिततेविषयी प्रश्न उपस्थित झाले व अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९२ मध्ये त्याच्या वापरावर कडक निर्बंध घातले, ते २००६ मध्ये शिथिल झाले. मधल्या काळात स्वकीय ऊतींच्या पद्धतीकडे पुन्हा लक्ष वळण्यास हेही एक कारण घडले.

६. गृहीतकास आव्हान व रुग्ण स्त्रियांचा आवाज

१९७० च्या दशकात दोन स्वतंत्र प्रवाह एकत्र आले. पहिला वैज्ञानिक प्रवाह होता. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ मध्ये विस्तृत उच्छेदन व मर्यादित उच्छेदन यांची तुलना करणारी चाचणी सुरू झाली. इटलीतील मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी १९७३ मध्ये स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेची तशीच चाचणी आरंभिली. १९८१ व १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी आणि २००२ मध्ये आलेल्या दीर्घकालीन निष्कर्षांनी हे सिद्ध केले की, योग्य रुग्णांत अधिक ऊती काढल्याने आयुष्य वाढत नाही. हॅलस्टेड यांच्या गृहीतकाचा आधार त्यामुळे ढासळला.

दुसरा प्रवाह रुग्ण स्त्रियांचा होता. त्या काळी अमेरिकेत गाठीची तपासणी व उच्छेदन एकाच भुलीखाली करण्याची प्रथा होती. स्तन राहिला की गेला, हे स्त्रीला शुद्धीवर आल्यानंतर कळत असे. पत्रकार रोझ कुशनर यांनी या प्रथेविरुद्ध लेखन केले, १९७५ मध्ये पुस्तक लिहिले व दोन टप्प्यांचा आग्रह धरला. १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी आपला आजार जाहीर केल्याने हा विषय कुजबुजीतून वृत्तपत्रांत आला. मात्र या चळवळीत एकच सूर नव्हता. कवयित्री ऑड्री लॉर्ड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द कॅन्सर जर्नल्स’ या पुस्तकात कृत्रिम स्तन लावण्याच्या सक्तीवरच टीका केली. ही सक्ती स्त्रीच्या दुःखावर पांघरूण घालते आणि तिला इतरांच्या नजरेसाठी पूर्ववत दिसण्यास भाग पाडते, असे त्यांचे म्हणणे होते. स्तनपुनर्रचनेचा इतिहास लिहिताना हा आक्षेप वगळता येणार नाही. पुनर्रचना नाकारणे आणि पुनर्रचना लादणे या दोन्ही गोष्टींत निर्णय स्त्रीच्या हातातून काढून घेतला जातो.

७. आधुनिक पद्धतींचा विकास

या पार्श्वभूमीवर तंत्राची प्रगती वेगाने झाली. १९६० मध्ये जेकबसन व सुआरेझ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली अत्यंत लहान रक्तवाहिन्या जोडता येतात हे दाखविले. १९७३ मध्ये डॅनियल व टेलर यांनी त्वचाखंड मूळ जागेपासून संपूर्ण तोडून दूरच्या रक्तवाहिन्यांवर जोडल्याचे प्रसिद्ध केले. देठ मूळ जागी राखण्याची हजारो वर्षांची अट येथे संपली. देठ कापून तो नव्या ठिकाणी पुन्हा जोडणे शक्य झाले. स्वीडनचे होल्मस्ट्रॉम यांनी १९७९ मध्ये पोटावरील ऊती याच रीतीने स्तनासाठी वापरल्या.

तथापि सर्वाधिक प्रसार झाला तो अटलांटा येथील कार्ल हार्ट्रॅम्फ व सहकारी यांनी १९८२ मध्ये मांडलेल्या पद्धतीचा. बेंबीखालील आडवा त्वचा व चरबीचा भाग पोटाच्या सरळ स्नायूवर ठेवून, त्वचेखालील बोगद्यातून तो छातीवर नेला जाई. सूक्ष्मदर्शकाची आवश्यकता नसल्याने अनेक रुग्णालयांत ती शक्य झाली. परंतु स्नायू खर्ची पडल्यामुळे पोटाची भिंत दुबळी होऊन हर्नियाचा धोका राही. बसून उठणे, ओझे उचलणे अशा दैनंदिन कामांत ही उणीव जाणवे.

जपानचे इसाओ कोशिमा व सोएदा यांनी १९८९ मध्ये दाखवून दिले की, स्नायू न काढता त्यातून वर येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या तेवढ्या सोडवून त्यांवर पोटाची त्वचा व चरबी जगविता येते. त्यांचे रुग्ण स्तनाचे नव्हते. न्यू ऑर्लिन्सच्या रॉबर्ट ॲलन यांनी हे तत्त्व स्तनासाठी वापरले व ट्रीस यांच्यासह १९९४ मध्ये ते प्रसिद्ध केले. या पद्धतीत स्नायूचे तंतू केवळ बाजूला सारले जातात, रक्तवाहिनी मुळापर्यंत सोडविली जाते व छातीतील बरगडीजवळच्या रोहिणी व नीलेशी सूक्ष्मदर्शकाखाली जोडली जाते. शस्त्रक्रिया अनेक तास चालते. पहिल्या काही दिवसांत नव्या स्तनाचा रंग, उष्णता व रक्तप्रवाह वारंवार तपासावा लागतो, कारण जोडलेली वाहिनी गोठल्यास तातडीने पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. घडविलेला स्तन मऊ व उबदार असतो व स्त्रीच्या वजनाबरोबर कमी-अधिक होतो. पूर्वीची संवेदना मात्र त्यात बहुधा पूर्णपणे परत येत नाही.

तंत्रास कायद्याची जोड १९९८ मध्ये मिळाली. स्तनउच्छेदनाचा खर्च देणाऱ्या विमा योजनांनी पुनर्रचनेचा व दोन्ही बाजू समान करण्याचा खर्चही द्यावा, असा कायदा अमेरिकेच्या काँग्रेसने केला. पुनर्रचना हा उपचाराचाच भाग आहे, ही गोष्ट त्यामुळे कायद्याच्या भाषेत मान्य झाली.

८. भारतीय संदर्भ

मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले व कर्करोगाच्या शास्त्रशुद्ध उपचारांचा पाया या भागात घातला गेला. स्वातंत्र्योत्तर काळात नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी पुनर्रचना शस्त्रक्रियेचा विभाग उभा केला. आज देशातील मोठ्या शहरांतील रुग्णालयांत वर वर्णिलेल्या सर्व पद्धती उपलब्ध आहेत. तथापि सूक्ष्मदर्शक, प्रशिक्षित चमू व दीर्घकाळ शस्त्रक्रियागृह या तिन्हींची गरज असल्याने ग्रामीण व गरीब स्त्रियांपर्यंत त्या क्वचितच पोहोचतात. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत भारतीय रुग्ण स्त्रियांचे सरासरी वय कमी असते व अनेकींचा रोग उशिरा लक्षात येतो. म्हणजे उच्छेदनानंतर दीर्घ आयुष्य जगावयाचे असलेल्या स्त्रिया आपल्याकडे पुष्कळ आहेत.

अशा वेळी ‘जीव वाचला, हेच पुष्कळ’ असे घरातून व कधी डॉक्टरांकडूनही सांगितले जाते. पदराआड उणीव दिसत नाही, म्हणून ती नाही, असे गृहीत धरले जाते. रुग्ण वयस्कर असेल तर ‘या वयात काय करावयाचे’ असे म्हटले जाते, आणि तरुण असेल तर पैसा मुलांसाठी राखला जातो. या वाक्यांत क्रूरता नाही, बहुधा काळजीच आहे. परंतु ती वाक्ये हॅलस्टेडच्या काळातील दृष्टिकोनाचीच आपल्या भाषेतील रूपे आहेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाने दाखवून दिले पाहिजे. येथे प्रश्न प्रत्येक स्त्रीने पुनर्रचना करून घ्यावी असा नाही. अशी शस्त्रक्रिया असते, तिचे लाभ व धोके काय, ती लगेच करता येते की किरणोपचारानंतर करणे इष्ट, हे उच्छेदनापूर्वी तिला सांगितले जाते का, एवढाच प्रश्न आहे.

९. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) स्वकीय ऊतींद्वारे पुनर्रचनेचे मूलतत्त्व म्हणजे देठावर जगणारा त्वचाखंड, व त्यावर आधारलेली कपाळाच्या त्वचेची भारतीय रीत युरोपला विशेषतः १७९४ च्या पुण्यातील शस्त्रक्रियेच्या वृत्तांतामुळे ज्ञात झाली. या परंपरेचे वाहक ग्रंथांइतकेच अनाम कारागीरही होते.

२) स्तनउच्छेदनाच्या जखमेसाठी या तत्त्वाचा यशस्वी उपयोग १८९६ ते १९०६ या काळात झाला होता. तो सत्तर वर्षे विस्मृतीत गेला याचे कारण साधनांच्या अभावापेक्षा वैद्यकीय अधिकारवाणी व स्त्रीच्या हानीविषयीची उदासीनता हे होते.

३) १९७० नंतरचा बदल केवळ सूक्ष्मदर्शकामुळे घडला नाही. हॅलस्टेडच्या गृहीतकाचे शास्त्रीय खंडन व रुग्ण स्त्रियांनी मागितलेला निर्णयाचा हक्क यांचा त्यात मोठा वाटा आहे.

४) तंत्राचा विकास, रुग्णाच्या शरीरातून घेतलेल्या ऊतीची किंमत कमी करण्याच्या दिशेने झाला आहे. स्नायूसह, नंतर अंशतः स्नायूसह व अखेरीस स्नायूविना असा हा प्रवास आहे.

५) भारतात तंत्र पोहोचले आहे, परंतु माहिती व संधी पोहोचलेली नाही. ज्या भूमीतून या शास्त्राचे एक मूलतत्त्व जगास मिळाले, त्या भूमीतील स्त्रीला आपल्यासमोर कोणते पर्याय आहेत हे उपचारापूर्वी समजणे, हा तिचा किमान अधिकार मानला गेला पाहिजे.